डावा खांदा

(रविवार, सकाळचे सात. वर्तकनगरचं मैदान. अकॅडमीची मुलं यायच्या आत प्रफुल्ल सर मार्कर मांडतायत. त्यांची जुनी गोलकीपर रसिका समोर उभी आहे.)

प्रफुल्ल : पाच पेनल्टी सुटल्या तुझ्या हातून. त्याचं खापर माझ्या डोक्यावर का फोडतेस?

रसिका : चार. पाचवीची गरजच पडली नाही त्यांना. आणि चारही माझ्या डाव्या हाताला, वर. कॉमेंट्री तुम्हीच करत होतात ना सर, मोजल्या असतील.

प्रफुल्ल : सेमीफायनलचं प्रेशर असतं. भल्याभल्या कीपरची दिशा चुकते.

रसिका : दिशा नाही चुकली. हात वर गेला नाही. का जात नाही, ते तुम्ही आदल्या शनिवारीच टीव्हीवर सांगून मोकळे झालेलात. 'रसिकाला मी अकराव्या वर्षापासून घडवलंय, तिचा डावा खांदा एकदा निखळलेला आहे, त्या बाजूचा वरचा बॉल तिला जमत नाही.' पाठ झालंय मला. ज्याने त्याने क्लिप पाठवली.

प्रफुल्ल : अगं, बोलण्याच्या ओघात गेलं. नव्वद मिनिटं माईकसमोर बसून बघ कधी. गप्प राहिलो तर पुढच्या सीझनला त्या खुर्चीत दुसरा बसेल. आतलं काहीतरी सांगा, हेच तर चॅनलवाले मागतात. आणि त्या टीममधलं मराठी कॉमेंट्री ऐकतंय कोण?

रसिका : दोघी कोल्हापूरच्या आहेत त्यांच्यात.

प्रफुल्ल : मला काय स्वप्न पडलेलं?

रसिका : हरलो त्याचं नाही बोलत मी. मॅच काय, हरतोच कधी ना कधी. काल क्लबचा मेल आलाय. करार करताना मी जुनी दुखापत लपवली म्हणे. उद्या मीटिंग आहे, मला ठेवायचं की काढायचं.

प्रफुल्ल : मग सांग त्यांना, लक्षात राहिलं नाही म्हणून.

रसिका : तो फॉर्म भरताना तुम्ही माझ्या बाजूला बसलेलात. मी विचारलेलं, खांद्याचं लिहू का. तुम्ही म्हणालात, 'नाही' लिही आणि सही कर, जास्त शहाणपणा नको.

प्रफुल्ल : लिहिलं असतंस तर घेतलं असतं का त्यांनी? मोहन्यातच घरी बसली असतीस. तेव्हा पेढे घेऊन आलेलीस माझ्या घरी.

रसिका : आलेले. पाया पण पडलेले.

प्रफुल्ल : मग आत्ताच हा सूर का?

रसिका : कारण खांदा निखळला हे सांगितलंत, त्याच्यानंतर काय झालं ते नाही सांगितलंत. सतरा वर्षांखालची जिल्हा फायनल. पहिल्या हाफमध्ये पडले मी. डॉक्टर नव्हता. गोलच्या मागे नेऊन तुम्हीच ओढून बसवलात, वर पट्टी गुंडाळली आणि परत उभं केलंत. मी रडत होते सर. नको नको म्हणत होते.

प्रफुल्ल : जिंकलो की नाही? त्या फोटोत कप कोणाच्या हातात आहे?

रसिका : तुमच्या. बघा ना मागे, बॅनरवर.

प्रफुल्ल : तोंड सांभाळून बोल. गुडघ्याची दोन ऑपरेशनं होऊन मी तेव्हा घरी बसलेलो. खेळणं संपलेलं. ह्या मैदानात मोजून बारा पोरं यायची. ती फायनल गेली असती तर ती पोरं पण गेली असती.

रसिका : तुमचा गुडघा सगळ्या महाराष्ट्राला माहितीये. प्रत्येक मुलाखतीत सांगता, कोचने इंजेक्शन देऊन खेळवलं, करिअर खाल्लं माझं. नाव घेऊन सांगता त्याचं. माझा खांदा सांगताना कोचचं नाव तेवढं राहून गेलं.

प्रफुल्ल : काय हवंय तुला? माफी? मागतो.

रसिका : ती घरी ठेवा. संध्याकाळी फायनलला माईक तुमच्याच हातात आहे. निखळलेल्या खांद्याने तिला मी खेळवलं आणि फॉर्मवर 'नाही' मी लिहायला लावलं, एवढंच बोला. क्लबवाले सगळे ऐकणार आहेत.

प्रफुल्ल : डोकं ठिकाणावर आहे का? आत्ता आठ वाजता साठ पोरं येतील इथे. त्यांचे आईबाप ते ऐकतील, आणि उद्यापासून इथे कुत्रं फिरकणार नाही. चॅनलवाले वेगळेच. खेळ गेला माझा, आता हे पण घालवू?

रसिका : माझा पण जातोय. बावीस वर्षांची आहे मी. आणि माझ्याकडे ना माईक आहे ना अकॅडमी.

प्रफुल्ल : मी फोन करतो क्लबला. आपापसात मिटवतो.

रसिका : फोनवर तुम्ही काय बोललात ते मला कुठून कळणार? माझा विश्वास नाही राहिला तुमच्यावर. माझं जे सांगितलंत ते सगळ्यांसमोर सांगितलंत, तुमचं पण तिथेच सांगा.

प्रफुल्ल : शेवंतीताईंना माहितीये, तू इथे आलीयेस ते?

रसिका : आईला खांद्याचंच माहीत नव्हतं. कुणाला बोलायचं नाही, असं तुम्ही बजावलेलं. तिला कळलं ते त्या शनिवारी, टीव्हीवरून. लगेच फोन केला मला. म्हणते, सरांची किती माया बघ तुझ्यावर, इतक्या वर्षांचं लक्षात ठेवलंय.

प्रफुल्ल : तू काय म्हणालीस?

रसिका : हो म्हणाले. आज पण चाळीतल्या बायकांना गोळा करून बसेल ती, सरांना ऐकायला.

प्रफुल्ल : आणि नाही झालं माझ्याच्याने?

रसिका : तर ती शेवटपर्यंत ऐकेल, सर. मी तिच्या बाजूला बसलेली असेन.