रूडी वार्डची निवृत्ती

—राहू द्या हो, कोट अंगावरच राहू द्या, हीटर मंगळवारपासून रुसलाय. बसा. एरीहून कधी निघालात, सातला? असल्या बर्फात? एक फोन करायचात ना आधी. – हो, केला असतात तर मी उचलला नसता, तेही खरंच म्हणा. पत्र मिळालं तुमचं. तुमच्या त्या वहीतली पानंही मिळाली. सगळं वाचलं मी, मिस्टर फेन, दोनदा वाचलं. तुम्ही शाळेत गणित शिकवता हे मला नऊ वर्षं ठाऊक आहे, पण असलं टोकदार गणित असेल असं वाटलं नव्हतं. कॉफी घ्या. दूध नाही, संपलंय.

तर तुम्हाला चॅम्पियनचा पट्टा मिळाला. महोनिंग हेवीवेट लीगचा जानेवारीचा अंक, पहिलं पान – रूडी वार्ड निवृत्त, रिकामी झालेली जागा अव्वल मानांकनाच्या ओटिस क्रेलकडे. क्रेल म्हणजे तुमच्याच कार्डावरचा गडी. दुसरा कुणी असता तर बाटली उघडली असती त्यानं, आणि तुम्ही तीन तास गाडी हाकत माझ्या दारात आलात – का? तर म्हणे रिंगणात जिंकून हवा होता. बरोबर आहे. मी तुमच्या जागी असतो तर मीही आलो असतो. नसतोही आलो कदाचित, पण तुमचं बरोबर आहे.

ही बघा, इथंच होतं सगळं, ह्याच टेबलावर. हे खोके म्हणजे खेळाडूंची कार्डं. दोनशे चौदा हेवीवेट, त्यातले चोपन्न चालू, बाकीचे निवृत्त. प्रत्येकाची ताकद, हनुवटी – म्हणजे मार किती सोसतो ते – दम, वय. दर फेरीला दोन फासे, मग तो तक्ता बघायचा – कुणाचा ठोसा बसला, कोण पडला, कोण उठला. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, नियमांचं पुस्तक तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ आहे. अठ्ठ्याहत्तर साली पोलादाचा कारखाना बंद झाला, त्याच हिवाळ्यात मी हे सुरू केलं. काही जणांनी दारू धरली, काही टेक्सासला गेले, मी चोवीस माणसांना पत्रं लिहिली – टपालानं बॉक्सिंग खेळायचं, प्रत्येकानं आपापले कार्डावरचे गडी सांभाळायचे, फासे मी टाकायचे. महिन्याला एक अंक, चर्चच्या तळघरातल्या यंत्रावर काढलेला. पंधरा वर्षांत एकही अंक चुकला नाही. बायको गेली त्या महिन्यातही नाही.

हं. तर तुमचं गणित. वार्डचं वय सदतीस. आपल्याच नियमानं तेहतिसाव्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी हनुवटीचा एक गुण जायचा, दमाचा एक जायचा. म्हणजे कार्डावर आता त्याची हनुवटी काचेची पाहिजे. आणि हा गडी ओळीनं सव्वीस लढती जिंकतोय. तुम्ही लिहिलंय, लाखात एकदा असं होऊ शकतं. सौम्य लिहिलंत तुम्ही. शिक्षक माणूस, दुसऱ्याला चोर म्हणताना जीभ अडखळते. मी सांगतो – होऊच शकत नाही.

टाकले मी फासे परत. हो. वार्ड हरला की परत टाकायचो.

नाही, बोलू नका थोडं, सांगू द्या. तुमच्या क्रेलची पहिली लढत – एक्क्याण्णवचा एप्रिल. चौथ्या फेरीत क्रेलनं त्याला आडवा केला, मिस्टर फेन. स्वच्छ. पंचांनी दहा मोजले असते नि वर आणखी दहा. मी फासे उचलले नि परत टाकले, परत क्रेल. तिसऱ्यांदा टाकले तेव्हा कुठे वार्ड. आणि मी अंकात काय लिहिलं, आठवतंय? ‘चौथ्या फेरीत डगमगलेल्या वार्डनं अनुभवाच्या जोरावर बाजी पलटवली.’ तुम्ही त्यावर अभिनंदनाचं कार्ड पाठवलंत. माझ्या नावावर नाही, वार्डच्या मॅनेजरच्या नावावर – एस. नोव्हाक, टपाल पेटी क्रमांक अमुक. दर नाताळाला पाठवायचात त्याला कार्ड. एकदा त्याच्या गुडघ्याची चौकशी केली होतीत, कारण मी कधीतरी नोव्हाकच्या नावानं लिहिताना गुडघ्याचं काहीतरी ठोकून दिलं होतं. असा कुणी नोव्हाक नाही. लीग चालवणाऱ्यानं स्वतःचा गडी उतरवायचा नाही हा नियम मीच केलेला, म्हणून नोव्हाक. कार्डं मात्र ठेवलीत मी. छान होती.

का? का म्हणजे – रूडी वार्ड माझा भाऊ आहे.

असा बघू नका. तो आहे, खरा आहे, इथून बारा मिनिटांवर राहतो. रूडी वार्गो. पोस्टरवर वार्गो मावत नाही म्हणून लढती भरवणाऱ्यानं त्याचा वार्ड करून टाकला होता, अठ्ठावन्न साली. अकरा लढती झाल्या त्याच्या, पाच जिंकला. बरा होता. डावा हात चांगला होता, पाय जड. दिवसा भट्टीवर काम आणि संध्याकाळी तालीम, पाय जड नाही होणार तर काय. मी त्याच्या कोपऱ्यात असायचो – बादली, स्पंज, ओरडणं. मी थोरला. शेवटची लढत ॲक्रनला, त्रेसष्टचा मार्च. सातव्या फेरीत पडला, नऊ दिवस इस्पितळात. बाहेर आला तेव्हा बोलताना शब्द शोधायला लागायचा. पुढं हळूहळू वाढत गेलं. पन्नाशीच्या आत त्याला सकाळ कुठली नि संध्याकाळ कुठली ते कळेना. थांबू म्हणाला नव्हता तो तेव्हा, ॲक्रनला. नाही म्हणजे – म्हणाला होता. सहावी फेरी संपल्यावर. स्टुलावर बसला नि म्हणाला, “सिरिल, बस करूया का?” मी म्हटलं, “आणखी एक. तो दमलाय.” आणि दमला होता हो तो, खोटं नाही सांगत, दमलाच होता. पण – असो. हे मी सांगणार नव्हतो. कॉफी थंड झाली तुमची.

लीग काढली तेव्हा मी त्याचंही कार्ड केलं. बावीस वर्षांचा रूडी वार्ड, पाय जरा हलके केले. एवढंच. पहिली आठ वर्षं फासे काय पडतील तसं, देवाशपथ – हरलाही, जिंकलाही, मानांकनात अकरावा-बारावा असायचा. शहाऐंशीत रूडीला त्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. घरी गॅस चालू ठेवून निघून जायला लागला होता. दर रविवारी जायचो. बोलायचं काय? म्हणून अंक घेऊन जायचो नि वाचून दाखवायचो. एकदा वाचलं, ‘रूडी वार्डनं आठव्या फेरीत सामना खिशात घातला.’ आणि तो पटकन म्हणाला, “आठवतंय मला. त्याचा उजवा हात कसला लागायचा रे!”  माणूस स्वतःच्या बहिणीला ओळखत नाही आणि हे आठवतंय म्हणे. मी काय सांगणार होतो त्याला, की हे प्लास्टिकचे फासे आहेत? पुढची ओळ वाचली. पुढच्या महिन्यात वार्ड हरला. फासे तसे पडले होते टेबलावर, इथंच, मी बराच वेळ बघत बसलो, आणि उचलले.

मग सोपं जातं हो. पहिल्यांदा उचलताना हात जड होतो, चौथ्यांदा नाही. सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात तो चॅम्पियन झाला. अंकाची घडी घालून झग्याच्या खिशात ठेवायचा, आश्रमातल्या लोकांना दाखवायचा. मिसेस टॉलिव्हर म्हणून तिथली परिचारिका आहे, गडगडून हसते, ती त्याला ‘चॅम्प’ म्हणायची. “चॅम्प, आज मटार खायचे की नाही?” खायचा. मला वाटलं, चला, एवढं तरी. तुम्हा तेवीस जणांना मी फसवत होतो हे मला कळत होतं. रात्रीची झोप गेली वगैरे काही नाही. झोपायचो. तुम्ही आलात म्हणून चांगलं वाटावं असं काही सांगत नाही मी तुम्हाला, जे झालं ते सांगतोय.

तर नोव्हेंबर. डिसेंबरच्या अंकात वार्डची लढत जाहीर केली होती, अठरा तारखेची, तुमच्याच क्रेलशी, तिसऱ्यांदा. ते त्याला वाचून दाखवलं आणि घरी आलो. मंगळवारी सकाळी सहाला मिसेस टॉलिव्हरचा फोन. म्हणाली, “मिस्टर वार्गो, या तुम्ही.” हसत नव्हती. स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं बाहेर पडला होता तो. बर्फात. पायात घरातल्या सपाता, टॉवेल गळ्याभोवती. गाड्या लावायच्या जागेत गोल गोल पळत होता – पळत म्हणजे काय, चोपन्न वर्षांचा माणूस, पाय ओढत. किती वेळ ते कुणाला माहीत नाही. बर्फात वाट पडली होती म्हणे, गोल, घाण्याच्या बैलासारखी. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

आणि मग ती मला म्हणाली, आम्ही बाकावर बसलो होतो, ती म्हणाली, “रोजच उठतो हो तो. पाचला. इतके दिवस पडवीत चालायचा, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, म्हणून आम्ही काही बोललो नाही. विचारलं की सांगतो, लढत आहे माझी. संपली की दुसरी असते.” मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, “मी आल्यापासून. पाच वर्षं.”

पाच वर्षं, मिस्टर फेन. मी दर दोन-तीन महिन्यांनी त्याला एक लढत देत होतो.

घ्या, हा अक्रोडाचा रोल घ्या, नाताळातला आहे पण टिकतो. – नको? बरं.

आत गेलो. पायाला हे एवढं बँडेज. मला बघून पहिलं काय म्हणाला, तर “तारीख पुढं ढकलू नकोस, सिरिल. होतो मी तयार.” मी खुर्ची ओढून बसलो. थोड्या वेळानं म्हणाला, “किती राहिल्यात अजून?” मी म्हटलं, कशा? “लढती.” मी म्हटलं, “एकही नाही. तू निवृत्त झालास.”

“कोण म्हणतं?”

“बॉक्सिंग कमिशन म्हणतंय.”

“कमिशन म्हणजे कोण?”

म्हटलं, “मीच.”

तो विचार करत होता. त्याला वेळ लागतो, चेहऱ्यावर दिसतं, जड कपाट सरकवल्यासारखं. मग म्हणाला, “मग आधी का नाही सांगितलंस?”

मी म्हटलं, “मला वाटलं तुला पाहिजे आहे, रूडी.”

तर म्हणतो, “मला वाटलं तुला पाहिजे आहे.”

बस. एवढंच. रागानं नाही हो, साधंच, मीठ दे म्हणावं तसं. कूस बदलली आणि झोपला. आता पाचला उठत नाही, आठपर्यंत झोपतो, मिसेस टॉलिव्हर सांगते. घरी आल्यावर मी जानेवारीचा अंक टाइप केला. तुमच्या क्रेलला पट्टा दिला, कारण त्याचाच होता तो, दोन वर्षांपूर्वीच. लढत लावायला हवी होती, हे कबूल. नाही लावता आली. फासे घेऊन बसलो होतो एकदा. हात गेला नाही.

आता हे बाकीच्या बावीस जणांना सांगायचं की नाही ते तुमच्यावर. तुम्हाला हक्क आहे. सांगितलंत तर मी नाही म्हणणार नाही, आणि नाही सांगितलंत तर आभारही मानणार नाही. खोके हवेत का? सगळे न्या – कार्डं, तक्ते, निकालाच्या वह्या. त्यात खऱ्या निकालांवर मी पेन्सिलीनं छोटी खूण करून ठेवलीय, कधीतरी कुणी विचारेल म्हणून. क्रेलच्या दोन्ही लढती सापडतील. दुसरीत क्रेलनं त्याला आठव्या फेरीत पाडला होता. तुम्ही चालवा लीग, तुम्ही सरळ माणूस आहात. वार्डचं कार्ड मात्र नाही देणार. ते मी फाडलं.

नाही, अंक आता नेत नाही मी त्याच्याकडे. काय करतो? बसतो. तो खिडकीबाहेर बघतो, मी त्याच्याकडे बघतो. परवा वर्तमानपत्रातला हवामानाचा अंदाज वाचला. ऐकला त्यानं नीट.

भेटायला? तुम्ही? – नको. चांगुलपणा आहे तुमचा, पण नको. तुम्ही त्याला चॅम्प म्हणाल, तुम्हाला राहवणार नाही. आणि तो उठून बसेल.

उचला तो खोका, मी दार धरतो. खालून धरा, तळ फाटलाय. तलावाच्या कडेनं जाऊ नका, तिकडं बर्फ जास्त आहे, आतल्या रस्त्यानं जा. साडेअकराला त्याचं जेवण असतं, मला निघायला हवं. चला.