अप्पांनी चाखलेला लाल

नका — हात नका लावू त्या रांजणाला, कल्लप्पाकाका. दचकले मी, दुसरं काही नाही. अव्वानं तुम्हाला होय म्हटलं असेल, पण सुताच्या आणखी चाळीस लडी त्याच लाल रंगात — ते माझ्यानं व्हायचं नाही. का म्हणजे? टिकत नाही रंग, एवढंच समजा. उन्हात उतरतो, धुतला की पाणी लाल. आमचे प्रोफेसर म्हणालेच होते, ही फॉर्मझान नावाची रंगाची जात काचेच्या नळीतच शोभते, सुताला तिचा उपयोग नाही.

मग केलाच कशाला? — खरंय तुमचं. मी पुण्याहून बी.एस्सी. होऊन आले, तर अप्पा चारचौघांत हसायचे, आमची लेक हेमावती बाटलीत रंग करती म्हणे. आम्ही नीलगार, आजे-पणज्यांपासून निळीचे रांजण. मला दाखवायचं होतं. अ‍ॅनिलीन बर्फात थंड ठेवून त्याचं एक पाणी, फिनाइलहायड्राझीन आणि कडू बदामाच्या वासाचं तेल मिळून दुसरं — दोन्ही एकात ओतली की असा गडद लाल फुलतो, बघतच राहावं. अप्पा कोपरापर्यंत हात घालायचे त्यात. काठीनं ढवळा म्हटलं, तर म्हणाले, काठीला काय कळतंय.

अडीच महिने झाले त्यांना जाऊन. कावीळच ती, सगळे तेच म्हणतात. डोळे पिवळे, लघवी काळी, चार पावलांत धाप. डॉक्टरांनी मला विचारलं, पोटात काही गेलं होतं का — मी नाही म्हटलं. अव्वा शेजारीच उभी होती ना, आईदेखत कसं सांगू.

तुम्ही तर जाणता, आमच्यात रंग जिभेनं बघतात. चुना चढला, आंबणं कमी पडलं, सगळं बोटभर चाखून कळतं. पण चाखायचा तो घरचाच रंग. बाजारच्या डब्यातल्याला अप्पांनी कधी जीभ लावली नाही. आणि त्या सकाळी त्यांनी माझ्या रांजणात बोट बुडवलं. मी समोर होते, काका. त्या फिनाइलहायड्राझीनच्या बाटलीवर विष असं इंग्रजीत छापलेलं — ते मला वाचता येत होतं, त्यांना नाही. एक शब्द पुरला असता. त्यांनी बोट जिभेला लावलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, "ह्यो आपला हाय की गं." — आणि मी हसले. दुसऱ्या दिवशी परत चाखला, तिसऱ्या दिवशीही. बारा दिवस रोज. आणि मी रोज तिथं उभी, आज पुन्हा तसं म्हणतात का म्हणून.

काय बोलत बसले मी हे — कडी वाजली का? अव्वा आली देवळातून. उठा, काका, मागल्या दारानं जा. आणि तिनं विचारलंच कधी, तर सांगा, रंग पसंत पडला नाही.