मिरचीवरचे राघू अन् आमचा कॉम्प्युटर

मी मूळची भिवापूरची. तिथली मिरची तुम्ही खाल्ली असन तं माह्या स्वभावाचं वेगळं काही सांगायची गरज नाही, असं आमचे हे म्हणतात, लग्नाले एवढी वर्षं झाली तरी त्यांच्याजोळ हाच एक विनोद आहे. पण खरं आहे ते भाऊ, खोटं कायले बोलू. बाबाची थोडी ज्वारी होती, थोडी तूर होती, पण नाव मिरचीचं. अन् मिरची लाल व्हायले लागली की राघू येत, हिरवेगार, थवेच्या थवे, नुसता कलकलाट, अन् आम्हा दोघी बहिणींचं काम म्हणजे मचाणावर बसून गोफण फिरवायची. बाबा म्हणे, पोरीहो, राघूले मारायचं नाही, हाकलायचं, गोटा बाजूनं जाऊ द्या, आवाजानंच उडते तो. मी म्हणे, बाबा, असं केलं तं तो उद्या पुन्हा येईन. बाबा हासे अन् म्हणे, येऊ दे ना, तुले तरी दुसरं काय काम आहे. हे एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागते.

मंग मॅट्रिक झाली, बाबानं नागपूरले मामाकडे पाठवलं, साठ-बासष्टच्या आसपासची गोष्ट असन, गणित घेऊन बीएस्सी केलं, लग्न झालं, नंदनवनात घर झालं, अन् मुलींच्या शाळेत गणिताची बाई म्हणून लागली. शाळेचं नाव नका लिहू, मोठ्या बाई अजून आहेत, त्यांना वाईट वाटन. मोठ्या बाई म्हणजे आमच्या हेडमास्तरीण, सोवळ्याच्या, कडक, पण मनानं लोणी. वर्गात मी शुद्ध बोलते बरं का, असं अस्सं शुद्ध, घरी आली की भिवापूरची. तुम्ही घरी आले म्हणून तुमच्या वाट्याले हे आलं, आता तुम्हीच निस्तरा.

तं कॉम्प्युटर. घरोघरी टीव्ही येऊन राहिले होते तेव्हाची गोष्ट. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा भाऊ परदेशात, त्यानं शाळेले एक खोका पाठवला. आम्हाले वाटलं टाइपरायटर आहे. उघडून पाहिलं तं नुसती बटनं, कागद लावायले जागाच नाही. सोबत एक पुस्तक, त्यात लिहिलं होतं की हा टीव्हीले जोडायचा अन् टेपरेकॉर्डरले जोडायचा. शाळेत कुठला टीव्ही हो. मोठ्या बाई म्हणाल्या, ठेवा कपाटात. मी म्हटलं, कपाटात कायले, माह्या घरी टीव्ही आहे. सायकलरिक्षात बसवून घेऊन गेली शाळेत, टीव्ही मांडीवर, टेप पायाशी. आमचे हे दारात उभे, म्हणतात, अवं, आता घरात बाईही नाही अन् टीव्हीही नाही, मी बोलू कोणासंग? मी म्हटलं, रेडिओ आहे ना, त्याच्यासंग बोला, तो मधात बोलत नाही.

पुस्तक घेऊन बसली. डिक्शनरी जोळ ठेवून एकेक पान. हळूहळू उमगलं की हे यंत्र स्वतःहून काहीच करत नाही, एकेक हुकूम लिहून द्यावा लागते, अन् प्रत्येक हुकमाले नंबर, दहा, वीस, तीस. पोरींनी विचारलं, बाई, एक दोन तीन काहून नाही? मी म्हटलं, मिरचीचं रोप लावताना मधात जागा सोडतात का नाही? उद्या काही आठवलं, मधात लावायचं आहे, तं जागा नको? दहा अन् वीसच्या मधात पंधरा बसते. ते त्यांना एका झटक्यात समजलं, अन् मले इतका आनंद झाला का सांगू तुम्हाले, त्या दिवशी सगळ्यांना चिक्की दिली.

पण पोरी घाबरत. मराठी माध्यमाच्या, अन् हुकूम सारे इंग्रजीत. त्यातली त्यात एक कुंदा, कामठीहून बसनं येणारी, बाप पॉवरलूमवर. बोलायचीच नाही ती. विचारलं तं मान हलवायची, सांगितलं ते करायची, बस. बाकीच्या तिले चिडवत, बाईनं विहिरीत उडी मार म्हटलं तं ही मारन. मी म्हटलं, अशानं कॉम्प्युटर काही होत नाही. चला मैदानात. तिथंच खेळ बनवू, मंग आत जाऊन लिहू. कोणता खेळ? राघू अन् मिरचीचा, दुसरा कोणता सुचणार होता मले.

खडूनं चौकोन आखले. एक पोट्टी गोफणवाली, चार मिरच्या बनून बसल्या, अन् कुंदा राघू. राघूले हुकूम असा की एक पाऊल पुढे टाक, गोटा आला का पाहा, आला तं परत फीर, नाही आला तं पुन्हा एक पाऊल. सुरू झालं. गोफणवालीचं लक्ष दुसरीकडे, गोटाच नाही मारला. कुंदा निघाली. एक पाऊल, पाहिलं, एक पाऊल, पाहिलं. मिरच्यांना ओलांडून गेली, मैदान संपलं, पायऱ्या चढली, व्हरांडा, अन् थेट मोठ्या बाईच्या ऑफिसात, त्यांच्या टेबलाले जाऊन पोट टेकलं तिचं, तरी पाय जागच्या जागी चालूच! मोठ्या बाई चहा पिऊन राहिल्या होत्या, कप खाली ठेवून म्हणतात, काय गं, काय पाहिजे तुला? अन् ही न बोलणारी कुंदा म्हणते, मी राघू आहे बाई, मला कोणी थांब म्हटलंच नाही.

माय वं, हासून हासून पोट दुखलं आमचं. मोठ्या बाईही हासल्या, तोंडाले पदर लावून. मंग मी पोरींना म्हटलं, चूक कोणाची? कुंदाची? नाही. आपणच थांब लिहिलं नाही. ते यंत्र आपल्या कुंदीसारखं आहे, सांगाल तेवढंच करन. त्या दिवसापासून पोरींची भीती गेली. अन् कुंदा तं कॉम्प्युटरची सख्खी बहीण झाली म्हणा ना. पोरींनी पडद्यावर उद्गारचिन्हाच्या मिरच्या केल्या, इंग्रजी व्ही अक्षराचा राघू, पंख पसरलेला, अन् गोफणीले जी चं बटन. जी दाबलं की गोटा सुटन. सगळं लिहून झालं की टेपवर भरायचं, अन् कोरी कॅसेट नव्हती, म्हणून माह्या भजनांच्या कॅसेटची दुसरी बाजू. एका बाजूले भजन, एका बाजूले राघू. एकदा सुट्टीत टेप घरी आणला तं आमच्या ह्यांनी चुकून उलटी लावली, घरभर किर्रर्र किर्रर्र, म्हणतात, तुही कॅसेट मेली वं.

आता इकडे संस्थेत दुसरंच शिजून राहिलं होतं. संस्थेची मुलांचीही शाळा आहे. सेक्रेटरी साहेब मीटिंगमधे म्हणाले, तो कॉम्प्युटर मुलांच्या शाळेत नेऊ, पोरी काय करणार त्याच्यावर, पोळ्या लाटणार? मले राहवलं नाही, उठून म्हटलं, पोळ्या तं आम्ही लाटतोच साहेब, त्याले कॉम्प्युटर लागत नाही, पोळपाट लागते. साहेब माणूस वाईट नाही, पण शब्द लागला त्यांना. म्हणाले, ठीक आहे, दसरा झाला की दुसऱ्या दिवशी येतो, मुलींनी स्वतः बनवलेलं काही चालवून दाखवलं तर राहू द्या, नाहीतर येईन त्याच रिक्षात घालून नेतो. झालं. पोरींच्या जिवाले घोर लागला. कुंदा म्हणे, बाई, नेलं तं मंग आपण परत खडूनंच खेळायचं का? अन् तिचे डोळे भरलेले. मले लय वाईट वाटलं.

आली खंडेनवमी. आपल्याकडे तुम्हाले माहीत आहे, त्या दिवशी विळा, कात्री, शिलाई मशीन, सायकल, सगळ्याची पूजा. मोठ्या बाई म्हणाल्या, परवा त्या यंत्राची परीक्षा आहे, त्याची पूजा मी स्वतः करणार. केली हो, अगदी साग्रसंगीत. झेंडूचा हार, अक्षता, नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडलं, अन् ओलं कुंकू घेऊन बरोब्बर मधोमध स्वस्तिक काढलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या, मीही हात जोडले. बटनांच्या मधोमध काय असते भाऊ? जी असते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब आले. सायकलरिक्षा दारात थांबवूनच ठेवलेला, खोका न्यायले दोरी अन् एक गडीही आणलेला. पोरी एकमेकींचे हात धरून उभ्या. मी कपड्यानं कुंकू पुसलं, टेप लावला, किर्रर्र झालं, मिरच्या दिसल्या, राघू निघाला. कुंदा बसली होती बटनांवर. जी दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. राघूनं एक मिरची खाल्ली, दुसरी खाल्ली, आरामात खाऊन राहिला, बापा, साऱ्या मिरच्या सफाचट. साहेब म्हणाले, बिघडवलं ना शेवटी? जाऊ द्या बाई, बांधा याला. अन् गड्याले हाक मारायले वळले.

कुंदा उठली नाही. तिनं खेळ थांबवला, अन् एकेक बटन दाबून पाहू लागली. सारी अक्षरं उमटली, जी नाही. बोट वर केलं तं नखात कुंकू. म्हणते, बाई, जी चिकटलं आहे, नारळाच्या पाण्यानं. मोठ्या बाईंचं तोंड पाहण्यासारखं झालं. साहेब म्हणाले, म्हणजे बिघडलंच. कुंदा म्हणते, बटन बिघडलं सर, खेळ नाही बिघडला. खेळ आमचा आहे. गोफण दुसऱ्या बटनाले बांधतो.

अन् लागली लिहायले तो एकच हुकूम, जी च्या जागी एल. अर्ध्यात माह्या ध्यानात आलं, त्या हुकमातच पुढे गोटू लिहायचं होतं, म्हणजे अमक्या नंबरवर जा, अन् गोटूच्याच सुरुवातीले जी! मी कपाळाले हात लावला. तं कुंदा माह्याकडे पाहून हासली, पहिल्यांदा एवढी मोकळी हासली पोट्टी, म्हणते, बाई, तिथे नुसता नंबर लिहिला तरी चालते, तुम्हीच सांगतलं होतं ना, आळशी लोकांसाठी सोय आहे म्हणून. लिहिला नंबर. चालू केलं. राघू निघाला, कुंदानं एल दाबलं, गोटा सुटला, राघू मुकाट परत फिरला. अहो, काय आरडाओरडा केला पोरींनी, शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या आग लागली म्हणून.

साहेब खुर्ची ओढून बसले. म्हणाले, सरक, मी पाहतो. त्यांच्या साऱ्या मिरच्या राघूनं खाल्ल्या. पुन्हा खेळले, पुन्हा खाल्ल्या. मंग एक गोटा लागला, तं लहान पोरासारखे खुश. म्हणाले, पण लागल्यावर हा मरत का नाही, परत का जातो? मी काही बोलणार, त्याच्या आत कुंदा म्हणते, मेला तर खेळ संपेल सर, तो उद्या पुन्हा यायला पाहिजे ना. बाबाचं बोलणं तिले मी कधी सांगतलं नव्हतं, खोटं नाही सांगत. साहेबांनी खिशातून आपट्याचं पान काढलं, सोनं घे पोरी म्हणाले, अन् गड्याले म्हणाले, तो रिक्षा जाऊ दे, मी पायी जाईन.

आता माही रिटायर व्हायची वेळ आली. यंत्र शाळेतच आहे, माहा टीव्हीही तिथंच आहे, आमच्या ह्यांनी दुसरा घेतला अन् त्याले मी हात नाही लावायचा असं ठरलं आहे. जी चं बटन आम्ही कधी दुरुस्त नाही केलं. मोठ्या बाई कधीच्या रिटायर झाल्या, तरी खंडेनवमीले शाळेत येऊन अजून पूजा करतात, पण टेबलाची. कुंदा कामठीत एका टायपिंग क्लासमधे कॉम्प्युटर शिकवते, तीच ती न बोलणारी, आता तिचं तोंड बंद होत नाही. परवा दसऱ्याले आपल्या चार विद्यार्थिनी घेऊन सोनं द्यायले आली. त्यांनी शाळेतल्या यंत्रावर तिच्या खेळात पंचावन्न नंबरचा एक नवा हुकूम घातला आहे, पन्नास अन् साठच्या मधात जागा होतीच. त्यानं काय होते, तं राघूले पहिली मिरची खाऊ देतात, मंगच गोफण चालते. मी म्हटलं, हे काय वं, फुकटची मिरची? त्यातली सगळ्यात लहान म्हणते, आजी, एवढ्या दुरून आलेला असते तो.

बाबा असते तं किती हासले असते. बरं, तुम्ही लिहून राहिले, पण चहा थंडा झाला पाहा, दुसरा टाकते. अन् उद्या शाळेत या, खेळून पाहा, एल दाबायचं, पहिल्या मिरचीले हात आखडता घ्यायचा. भलं होवो तुमचं, तुमच्या लेकराबाळांचं, अन् त्या राघूचंही.