देवरावांच्या अंगातला भडका

परतवाड्याच्या स्टँडवर मी जप करीत बसले होते. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं.

"भागीरथा, घोंगडं दे. थंडी वाजून राह्यली."

"आताच तं सदरा काढून वारा घेत होते."

"तवा अंगात भट्टी पेटली होती. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी डाक्टरनं आपरेशन करून पुरुषपण काढलं, तवापासून हेच."

"मंग आज अकोल्याच्या डाक्टरले सांगा."

"काय सांगू? बायासारखं होते म्हणून? तिथं नर्सबाई उभी रायते. मी नाही येत. घरी चल."

"अन् कॅन्सर वाढला असंन तं?"

"वाढू दे. लाज तं राहीन."

"पाळी गेल्यावर माह्या अंगाचा असाच भडका होये, तवा कुठी होती लाज? भगत आणला, मले मिरच्याची धुनी देली. गावभर सांगतलं का, हिच्या अंगात आमची मेलेली माय आली."

"बोलत तं तशीच होती तू."

"आता तुमच्या अंगात कोन आलं?"

"किती दिवस चाललं होतं तुह्यं?"

"चार वर्सं."

"चार? मंग गेलं कशानं?"

"मले काय मालूम? मले कोनी नेलं होतं डाक्टरकडे?"

"…अकोल्याची गाडी लागली. ऊठ. पिशवी दे माह्याजवळ."