तिल्दा परत येते तेव्हा

नोरीन : अरे, गाडीचं तोंड सिनेमाच्या पडद्याकडे कर! उलटी कसली लावतोस?

वॉन : ॲडलेडला आम्ही उलटीच लावतो. मागच्या हौद्यात गादी टाकून आरामात बघायचं...

नोरीन : लोळायला घर आहे. या सिनेमाला हॉर्न हाताशी लागतो, जावईबापू.

वॉन : अजून झालो नाही जावई!

नोरीन : माझी डेस्पी चिप्सच्या रांगेत तुझ्यासाठी उभी आहे, म्हणजे झालास. हां, आता सरळ. काय गर्दी आहे बघ! सिनेमा दाखवणारा स्टाव्रोस गेला, त्याचं यंत्र गंजलं, तेव्हापासून तिल्दा दिसली नव्हती गावाला.

वॉन : पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. ते पोचे पडलेलं जहाज धूळ उडवत उतरतं ना, तिथेच खलास झालो मी!

नोरीन : आणि ती लघुग्रह पोखरून राहणारी माणसं? आम्ही सगळे ओरडलो होतो, अरे, हे तर आपणच! आम्हीही जमीन पोखरून ओपलचे खडे काढतो आणि त्याच भोकात संसार मांडतो. कप्तान बिप्तान ठीक आहे रे. पण तिल्दा! पाना खांद्यावर, तोंडात शीळ. असली मेकॅनिक बाई आमच्या खाणीवर पाहिजे होती.

वॉन : मग आता गंमत ऐका. मी आणलेली प्रत नवी कोरी आहे, एक ओरखडा नाही. आणि तुमच्या गावाला हा सिनेमा आज पहिल्यांदाच बरोबर क्रमाने दिसणार!

नोरीन : बरोबर म्हणजे?

वॉन : डेस्पी म्हणाली, इथे चौथं आणि पाचवं रीळ उलटसुलट लागायचं.

नोरीन : उलटसुलट नाही. आमच्याकडे तसंच असतं.

वॉन : पण झालं कसं ते?

नोरीन : डबे बसने आले, वाटेत पाऊस. चिखलात डब्यांवरच्या नंबरांच्या चिठ्ठ्या गेल्या. स्टाव्रोसने अंदाजाने लावले. तिल्दा इंजिनघराचा दरवाजा आतून लावून जळून मेली, आणि पुढच्या रिळात शीळ घालत हजर!

वॉन : आणि कुणाला खटकलं नाही?

नोरीन : अर्धं गाव ग्रीक, उरलेलं क्रोएशियाचं. इंग्रजी कुणाला येत होतं? पण ती आली, आणि सगळं मैदान हॉर्न वाजवायला लागलं. दुसऱ्या दिवशी स्टाव्रोसने शहाणपणा करून रिळं सरळ लावली, तर लोकांनी त्याला यंत्राच्या खोलीतून बाहेर ओढला!

वॉन : पण मग शेवटच्या समारंभात ती का नसते?

नोरीन : खाली इंजिन बघत असणार. मेकॅनिक माणूस सत्काराला जातो का कधी?

वॉन : नोरीन, ती मरते म्हणून तर शेवट अंगावर येतो! बनवणाऱ्याने मारलंय तिला.

नोरीन : मग आम्ही कुठे नाही म्हणतो? आम्हीही मारतो. फक्त तिथे सोडून येत नाही.

वॉन : रागावलात?

नोरीन : नाही रे. त्याच आठवड्यात माझा भाऊ, कोल, खाणीत गाडला गेला होता. खणून खणून थकले, सापडला नाही. मी बोलत नव्हते, जेवत नव्हते. बायकांनी उचलून इथे आणून बसवलं. ती शीळ ऐकली आणि मीच पहिल्यांदा हॉर्न दाबला. मग बाकीच्यांनी.

वॉन : डेस्पी हे काही बोलली नाही.

नोरीन : तिला कुठे ठाऊक? तिला वाटतं, आई सिनेमावेडी आहे. जाऊ दे. तू एवढ्या हौसेने आणलास, बघू एकदा तुझ्या क्रमाने. गप बस आता, सुरू झाला!

(मध्यंतर. चिप्स देऊन डेस्पी मैत्रिणींच्या गाडीत गेली आहे. वॉन गाडीचं दार उघडतो.)

नोरीन : कुठे निघालास? चिप्स आहेत की.

वॉन : मीठ आणतो.

नोरीन : खारट आहेत, बाबा!

वॉन : आलोच.

नोरीन : किती वेळ! बस पटकन. अरे... हे इंजिनघर कसं आलं? तू तर म्हणालास, आज बरोबर क्रमाने...

वॉन : समोर बघा ना.

नोरीन : मीठ कुठंय?

वॉन : विसरलो.

नोरीन : वॉन...

वॉन : दरवाजा लावतेय ती. बघा.

नोरीन : गेली. गेली बिचारी.

वॉन : आता?

नोरीन : श्श! थांब. ऐकलीस? शीळ! शीळ वाजली!

वॉन : आली! पाना खांद्यावर टाकून आली! नोरीन, हॉर्न!

नोरीन : आज तू दाब.

वॉन : मी?

नोरीन : दाब की! लाजतोस काय नव्या नवरीसारखा? जोरात!

वॉन : सगळे वाजवतायत! दिवेसुद्धा लावतायत! तीस वेळा पाहिला असेल मी हा सिनेमा, असा कधी नाही पाहिला! नोरीन, पुढे काय होतं हो? माझं तर सगळं डोक्यातून गेलं!

नोरीन : मला नको विचारूस, बाळा. इथून पुढचं मला कधी नीट दिसलेलंच नाही.