डायरीतला बॅक आन्सर

अगं, परवा काय झालं ऐक. अंधेरीच्या शाळेतून माझ्या मुलीच्या डायरीत इंग्लिशमध्ये शेरा आला, 'गिव्ह्ज बॅक आन्सर्स', पालकांनी येऊन भेटावं. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे काय गं?" म्हटलं, "मोठ्यांना उलट उत्तरं देते." त्या भडकल्याच. चाळीस वर्षं बाजारात मासे विकतायत, पण नातीनं मोठ्यांना उलट बोललेलं त्यांना चालत नाही. टोपली शेजारणीकडे सोपवून त्या माझ्याबरोबर शाळेत आल्या.

सर म्हणाले, "मुलं गोंगाट करत होती. मी म्हटलं, हा वर्ग आहे की मासळी बाजार? तर ही उभी राहून मला विचारते, सर, तुम्ही आमच्या बाजारात कधी आलायत का?"

सासूबाईंनी नातीवर डोळे वटारले. "सरांना उलट बोललीस? आधी माफी माग."

तिनं मान खाली घालून माफी मागितली.

"झालं?" असं म्हणत सासूबाई सरांकडे वळल्या. "सर, आता तुम्ही बाजाराची मागा."

त्यानंतर डायरीत शेरा काही आला नाही. कोणाच्या नावावर लिहायचा, हाच प्रश्न पडला असणार.