फ्लेक्स उलटा करणाऱ्या मॅडम

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय प्राचार्य साहेब, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती डॉ. संयोगिता थोरात मॅडम, आणि कराड-सांगलीहून आलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा जय जिनेंद्र.

मी जिनदत्त मगदूम, सांगलीकडचा हळदीचा शेतकरी. एवढ्या पदव्यांच्या माणसांत याला का उभं केलं, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही तेच वाटतंय! पण मॅडमच्या प्रयोगशाळेत दहा वर्षं गेला तो हळदीचा पाला माझ्या रानातला. आम्ही तो कापून बांधावर फेकतो. मॅडम त्याचं तेल काढायच्या आणि कॅन्सरच्या पेशींवर टाकून बघायच्या.

चार वर्षांपूर्वी पेपरात बातमी आली, तेलानं पेशी मेल्या. झालं! आमच्या गावाला निमित्तच पाहिजे असतं. दुसऱ्या दिवशी चौकात वीस फुटी फ्लेक्स. मॅडमचा फोटो, शेजारी माझा, जरा मोठाच. ‘कॅन्सरवर औषध शोधल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ कुणी लावला, ते विचारू नका.

मंडळी, तेव्हा माझ्या पत्नीवर, विजयमालावर, स्तनाच्या कॅन्सरचे उपचार चालू होते. केमोचे दोन डोस झालेले, अन्न पोटात ठरत नव्हतं. ती म्हणाली, “घरच्या पाल्यात औषध हाय, मग ह्या सुया कशाला?” मलाही पटलं. मी मॅडमना फोन करून तेलाची बाटली मागितली.

मॅडम पहिल्या एसटीनं आल्या, तेही रिकाम्या हातानं. फ्लेक्स पाहिला, पदर खोचला आणि माझ्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून दोऱ्या कापायला लागल्या. भर चौकात! मी ओरडलो, “आवं मॅडम, पेशी मेल्या न्हवं?”

“काचेच्या बशीत मेल्या, जिनदत्तराव. बशीत फिनेल ओतलं तरी मरतील. माणसाच्या अंगात काय होईल, ते मला माहीत नाही.”

मग फ्लेक्सच्या पांढऱ्या बाजूवर त्यांनी ठळक लिहिलं, ‘हे औषध नाही. दवाखान्याची तारीख चुकवू नका.’ खाली सही केली आणि तो मलाच परत बांधायला लावला.

आमचं घर चौकातच. विजयमाला दारातून सगळं बघत होती. म्हणाली, “शोधणारी बाई सोता न्हाई म्हणती, तितं आपुन कोण व्हय म्हणणार? उद्याची तारीख हाय. पिशवी भरा.”

पुढच्या चाचण्यांत तेलानं चांगल्या पेशीही तेवढ्याच मारल्या. मॅडमनी तेही छापलं. आपली हार स्वतःच्या नावानं कोण छापतं, सांगा बघू? पाला यंदाही गेलाय. त्यातला नेमका कोणता घटक कामाचा, ते आता त्यांची विद्यार्थिनी अंकिता शोधतेय.

विजयमाला तिसऱ्या रांगेत बसलीय. उपचार संपून तीन वर्षं झाली. आज गजरा माळून आलीय, मला लय आनंद आहे.

संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, मानपान चुकला असेल, तर पोटात घाला. आणि मॅडम, त्या दिवशी ट्रॉलीशेजारी उभा राहून मी म्हणालो होतो, “तुमच्या घरचं कोण मरत असतं, तर दिलं असतंसा.” तुम्ही दोऱ्या कापत राहिलात. तुमच्या आई त्याआधी दोनच वर्षं ह्याच आजारानं गेल्या, तेल प्रयोगशाळेत असूनही तुम्ही त्यांना दिलं नव्हतं, हे मला काल अंकितानं सांगितलं.

मॅडम, मला माफ करा.